खुंट्यावाचून घोडी

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर परगण्यात ‘न्यू फॉरेस्ट’ नावाचे एक अरण्य आहे. ते नवे नाही, आणि त्याच्या बऱ्याच भागात झाडेही नाहीत. नवे होते ते १०७९ च्या सुमारास. त्या वेळी पहिल्या विल्यम राजाने हा मुलूख आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला. आपल्याकडे तेव्हा कल्याणीला सहावा विक्रमादित्य चालुक्य राज्य करीत होता! साडेनऊशे वर्षे झाली तरी नावातले ‘नवे’ काही गेले नाही. आणि ‘फॉरेस्ट’ म्हणाल, तर त्या काळच्या कायद्यात त्या शब्दाचा अर्थ झाडी असा नव्हताच. राजाच्या शिकारीचा कायदा जिथे चालतो ती जमीन म्हणजे फॉरेस्ट. मग तिथे ओक असो, माळ असो की दलदल असो.

माझी धाकटी बहीण साउदॅम्प्टनला असते. तिच्याकडे गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीला पुढेमागे रजा जोडून मी तीन आठवडे राहून आले. लंडन पाहिले, शेक्सपिअरचे गाव पाहिले. वर्गात चाळीस मिनिटे पुरेल एवढा ऐवज दोन्हीकडून आणला. पण परत आल्यावर जो भेटेल त्याला मी सांगत सुटले ते मात्र या अरण्यातल्या तट्टांविषयी. आमच्या स्टाफरूममध्ये आता मला पाहिले की एक सहकारी हळूच खिंकाळतात.

साउदॅम्प्टनहून आगगाडीने वीसेक मिनिटांत ब्रॉकनहर्स्ट येते. स्टेशनाबाहेर आलो आणि दहा वर्षांचा भाचा म्हणाला, “मावशी, आता बघ हं.” पाहते तो रस्त्याच्या मधोमध एक कुमेत घोडी उभी. अंगावर ना लगाम, ना दावे, ना खोगीर. तिच्या पोटाशी शिंगरू. दोन्ही बाजूंना मोटारी थांबलेल्या. पण कोणी भोंगा वाजवीत नव्हते, कोणी खाली उतरून हुसकावीत नव्हते. घोडीने सावकाश मान वळवून एका मोटारीच्या काचेत स्वतःचे तोंड पाहिले, मग फुटपाथवर चढून ती एका दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. हे पाहून मला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या गायी आठवल्या. इतक्या दूर येऊन शेवटी काय पाहिले, तर रहदारीत उभे असलेले जनावर! पण आपल्याकडच्या त्या गायीचा धनी कोण हे बहुधा गायीलाही ठाऊक नसते. या घोडीचा धनी कोण, त्याने यंदाची चराई-पट्टी भरली की नाही आणि घोडी कुठल्या हद्दीतली, हे तिच्या अंगावर आणि शेपटीवर लिहिलेले होते.

बाहेरून येणाऱ्यांना ही तट्टे रानटी वाटतात. ती रानटी नाहीत. त्या रानात आजमितीला पाच हजारांच्या आसपास तट्टे मोकळी फिरतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला मालक आहे. हे मालक जमीनदार नव्हेत. कोणी गवंडी, कोणी शाळेतली शिक्षिका, कोणी मोटारी दुरुस्त करणारा. अशी सहासातशे माणसे असतील. इंग्रजीत त्यांना ‘कॉमनर’ म्हणतात. आपण त्यांना गायरानाचे हक्कदार म्हणू. रानातली बरीचशी जमीन सरकारची आहे. पण तिच्यावर जनावरे चारण्याचा हक्क या लोकांचा. आणि तो हक्क माणसाला नसून घराला आहे! अमुक घर, तमुक दोन एकर, त्याला चराईचा हक्क जोडलेला. तुम्ही ते घर विकलेत की हक्क घराबरोबर गेला. नवा मालक घोडी पाळो वा न पाळो, हक्क भिंतीला चिकटलेला. जळणाच्या लाकडांचा हक्क तर घरातल्या चुलीला जोडलेला असतो. मिळालेली लाकडे त्याच चुलीत जाळायची, शेजाऱ्याला विकायची नाहीत. तिथे एक लोकसमजूतही ऐकली. सरकारी जमिनीवर एका रात्रीत झोपडी उभारून सूर्योदयापूर्वी तिच्या धुराड्यातून धूर काढून दाखवला, तर ती झोपडी बांधणाऱ्याची होते म्हणे. कायद्याच्या पुस्तकात असे काही नाही. पण आमच्या मातीतला माणूस ही गोष्ट ऐकून मनात म्हणेल, पटते बुवा.

हे हक्क आयते मिळालेले नाहीत. राजांना हरणे हवी होती तोवर रयतेच्या गुराढोरांनी थोडेसे खाल्ले तर राजांचे फार बिघडत नव्हते. पुढे आरमाराला लाकूड हवे झाले. नेल्सनचे ‘अ‍ॅगामेम्नॉन’ हे जहाज याच रानाच्या काठी, बकलर्स हार्ड इथे बांधून १७८१ साली पाण्यात सोडले. मग सरकारला वाटू लागले की चराऊ जमीन ही वाया जाणारी जमीन. १८५१ च्या कायद्याने हरणे काढून टाकायची ठरली आणि त्या बदल्यात दहा हजार एकर कुंपण घालून झाडे लावायला सरकारने घ्यायचे ठरले. कुंपणे चांगल्या गवताच्या जागा गिळू लागली, तेव्हा हक्कदार जागे झाले. त्यांच्या बाजूने शहरातले चित्रकार, निसर्गप्रेमी असे लोकही उभे राहिले आणि पंचवीस वर्षांच्या भांडणानंतर १८७७ चा कायदा झाला. सरकारच्या कुंपणांना त्याने आळा घातला आणि जुन्या ‘व्हर्डरर’ पंचांच्या सभेला नवा जन्म दिला. रानातल्या जनावरांचा कारभार आज तीच सभा पाहते.

ही सभा मी पाहिली. लिंडहर्स्ट गावात जुन्या राजवाड्याला लागून एक दालन आहे. बहुतेक महिन्यांच्या तिसऱ्या बुधवारी तिथे पंच बसतात. दहा पंच, त्यांतले पाच हक्कदारांनी निवडलेले, एक राजाने नेमलेला, बाकीचे निरनिराळ्या सरकारी खात्यांचे. भिंतीवर हरणांची शिंगे आणि एक भला मोठा लोखंडी रिकीब टांगलेला. त्याची कथा मजेदार आहे. ज्या कुत्र्याला या रिकिबीतून पार होता येत नसे तो हरणांना धोकादायक समजून त्याच्या पुढल्या पायांची नखे छाटीत! दहाच्या ठोक्याला हिरव्या कोटातला एक माणूस उठला, उजवा हात वर करून त्याने नॉर्मन फ्रेंचमध्ये तीनदा ‘ऐका’ असे पुकारले आणि ज्याला काही सांगायचे असेल त्याने पुढे यावे, त्याचे ऐकून घेतले जाईल, असे जाहीर केले. मला वाटले, आता काहीतरी ऐतिहासिक ऐकायला मिळणार. पुढे आल्या त्या एक बाई. त्यांची तक्रार अशी की, अमक्या वळणावर लोक गवतावर मोटारी लावतात. त्यांच्यामागून एक गृहस्थ आले. त्यांच्या गाभण घोडीमागे कोणाचा तरी कुत्रा लागला होता. पंचांनी दोन्ही तक्रारी शांतपणे लिहून घेतल्या. आमच्या ग्रामसभेत इतक्या शांतपणे कोणाचे ऐकून घेतल्याचे मला आठवत नाही. पण तक्रारीचा विषय ऐकला असता तर ग्रामसभेतल्या कोणालाही परके वाटले नसते.

तो हिरव्या कोटातला माणूस म्हणजे ‘अ‍ॅजिस्टर’. असे पाच जण आहेत आणि सारे रान त्यांनी आपसांत वाटून घेतले आहे. पंचांचे हे डोळे आणि हातपाय. घोडीवर किंवा मोटारीतून ते दिवसभर फिरतात. कोणते जनावर खंगले, कोणते दलदलीत रुतले, कोणते मोटारीखाली आले, ते पाहतात. रात्री दोन वाजता फोन आला तरी निघतात. वर्षाकाठी हक्कदाराने दर जनावरामागे वीस-पंचवीस पौंड पट्टी भरायची. ती भरली की अ‍ॅजिस्टर त्या तट्टाच्या शेपटीचे केस कात्रीने विशिष्ट पद्धतीने कापतो. प्रत्येक अ‍ॅजिस्टरची कापणी निराळी. कोणाची एक पायरी, कोणाची दोन. तेव्हा शेपटी ही पावती झाली आणि हद्दीचा दाखलाही झाला. आणि मालक कोण, हे अंगावरच्या डागावरून कळते. मालकाची अक्षरे तापल्या लोखंडाने उमटवलेली असतात. आजकाल काही तट्टांच्या गळ्यात अंधारात चकाकणारा पट्टाही असतो. तो का, ते पुढे सांगते.

ज्यांच्यामुळे हे सारे मला आतून पाहायला मिळाले त्या एक आजीबाई. त्यांचे नाव सांगत नाही. त्यांना ते आवडणार नाही. माझी बहीण त्यांच्या फाटकावरच्या पेटीतून अंडी घेते. पेटीत अंडी ठेवलेली, शेजारी डबा. अंडी उचलावी, डब्यात पैसे टाकावे, पहायला कोणी नाही. अशा देवाणघेवाणीतून ओळख वाढली होती. वय ऐंशीच्या पलीकडे, पाठ किंचित वाकलेली, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मी भारतातून आले आणि मराठी शिकवते म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुमच्याकडे गायरान अजून आहे का?” काय सांगणार? आमच्या आजोळी, फलटणच्या बाजूला, माझ्या लहानपणी गावाच्या उगवतीला मोठे गायरान होते. आज त्यातल्या काही भागात पाण्याची टाकी आहे, काहीवर घरे आहेत, उरलेल्यावर वेडी बाभूळ आहे. पण दिवाळीनंतर धनगरांचे वाडे त्याच वाटेने अजून जातात. मेंढरांमागे तट्टे असतात आणि तट्टांवर संसार असतो. भांडी, कोंबड्या, करडे आणि वर एखादे पोर. ती भीमथडीची तट्टे. इतिहासात त्यांचा केवढा दबदबा, आणि सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून त्यांची नोंद झाली ती अगदी अलीकडे, २०२३ साली. हे सगळे मी आजीबाईंना सांगितले. त्यांनी ‘भीमथडी’ हा शब्द तीनदा म्हणून पाहिला आणि उंची विचारली. हाताने दाखवली. म्हणाल्या, “म्हणजे आमच्याएवढीच.” त्यानंतर आमची दोस्ती जमली.

आजीबाईंच्या बारा घोड्या रानात होत्या. मी विचारले, त्या सापडतात कशा? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी विचारले, तुमची मुले रात्री घरी येतात कशी! प्रत्येक घोडीची आपली एक जागा असते. अमुक ओढा, तमुक टेकाड, अमक्या होलीच्या झाडांचा आडोसा. मैल-दोन मैलांच्या त्या टापूत ती जन्म काढते. शिंगरू आईमागे हिंडता हिंडता तो टापू शिकते. उन्हाळ्यात माश्या फार झाल्या की कुठल्या सावलीत उभे राहायचे, हिवाळ्यात गवत संपले की गोर्सची काटेरी झुडपे कशी खायची, दलदलीतून पायवाट कुठून आहे, हे सगळे शाळेवाचून. (गोर्स खाऊन खाऊन काही तट्टांच्या वरच्या ओठावर चक्क मिशा येतात, असे तिथे सांगतात. मिशा मी स्वतः पाहिल्या. एका घोडीच्या मिशा तर आमच्या एका निवृत्त प्राचार्यांसारख्या होत्या.) म्हणून परके तट्टू विकत आणून रानात सोडले तर ते जगेलच असे नाही. त्याला ठाऊक नसते कुठे रुतायला होते. रानात जन्मलेल्या घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरूच रानाला उपयोगी. ही साखळी तुटली तर पैसे टाकून जोडता येत नाही.

आणि ती तुटता तुटता वाचल्याची उदाहरणे त्याच देशात आहेत. एक्समूर नावाच्या पठारावर तशीच तट्टे असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती पन्नासच्या आसपास उरली होती. युद्धानंतर काही जिद्दी माणसांनी त्या पन्नासांतून वंश पुन्हा वाढवला. न्यू फॉरेस्टच्या तट्टांवर तसा प्रसंग आला नाही. उलट त्यांच्यात सुधारणा करण्याची हौस थोरामोठ्यांना फार. व्हिक्टोरिया राणीच्या दरबारचा ‘झोरा’ नावाचा अरबी घोडा १८५० नंतर तिथे आणून ठेवला होता. तट्टे उंच, देखणी व्हावीत हा हेतू. उंच झाली की नाही कोण जाणे. पण माळावरच्या हिवाळ्यात देखणेपणाचा काय उपयोग? १९३० च्या दशकापासून बाहेरचे रक्त बंद केले आहे. आता वळू घोडेही पंचांनी तपासून पसंत केलेले, मोजके, आणि वर्षातून थोडे आठवडेच रानात सोडतात. कारण शिंगरे फार झाली तर त्यांना गिऱ्हाईक कुठले आणायचे?

खरा प्रश्न तिथेच आहे. एका काळी या तट्टांना काम होते. ती गाडी ओढीत, खाणींत उतरत. आज त्यांचे काम म्हणजे मुलांना पाठीवर बसवणे. ब्यूली रोड नावाचे एक चिमुकले स्टेशन माळावर आहे. त्याच्या शेजारच्या लाकडी आवारात शिंगरांचा लिलाव होतो. मी गेले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. बोली अजून गिनीत चालते. गिनीचे नाणे बंद होऊन दोनशे वर्षे झाली, पण एक पौंड पाच पेनी या हिशेबाने घोड्यांच्या बाजारात गिनी जिवंत आहे! विकणाऱ्यांचे चेहरे मी पाहत होते. चांगले शिंगरू आले की आवारात हालचाल होई. साधे आले की लोक चहाच्या कपात पाहू लागत. या शतकाच्या आरंभी तर असे दिवस आले होते की शिंगराची किंमत त्याला बाजारात आणण्याच्या खर्चाएवढीही येत नसे. आता वळूंवर आळा घातल्यापासून भाव काहीसे सावरले आहेत. पण घोडी पाळून कोणी श्रीमंत झाल्याचे आजीबाईंनी ऐकलेले नाही. “मग का पाळता?” असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही; माझ्या कपात आणखी चहा ओतला.

हा मुलूख २००५ साली राष्ट्रीय उद्यान झाला आणि शहरातल्या लोकांचे येणे वाढले. त्याला कोण नाही म्हणेल? मीही त्यांतलीच. पण माणसे येतात ती मोटारींनी येतात, आणि रानातले बरेच रस्ते कुंपणावाचून आहेत. ताशी चाळीस मैलांची मर्यादा आहे. ती मोडणारे आहेत. ऐन शरदात, संध्याकाळ लवकर पडू लागली की अपघात वाढतात. गळ्यातले चकाकते पट्टे त्यासाठी. या शतकाच्या सुरुवातीला वर्षाकाठी शंभराच्या आसपास जनावरे रस्त्यावर मरत; अलीकडे तो आकडा बराच खाली आला आहे. “आकडा खाली आला,” आजीबाई म्हणाल्या, “पण गेल्या हिवाळ्यात त्यात माझी एक होती.” याशिवाय खाऊ घालणारे लोक. गाजर, पाव, बिस्किटे! हातचे खायला लागलेले तट्टू रस्त्याशी येऊन उभे राहते, खाऊ मिळाला नाही की चावते, आणि शेवटी त्याला रानातून काढावे लागते. २०२३ पासून तिथे तट्टांना खाऊ घालणे किंवा कुरवाळणे यासाठी दंड आहे. भाच्याने हे वाचून खिशातले सफरचंद गुपचूप स्वतःच खाल्ले.

१९६४ चा कायदा होऊन रानाच्या सीमेवर कुंपण आणि रस्त्यांवर लोखंडी गजांच्या जाळ्या बसल्या, त्यापूर्वी ही तट्टे थेट साउदॅम्प्टनच्या उपनगरांपर्यंत पोचत, बागा खात आणि कचऱ्याचे डबे पालथे घालीत. त्या वेळच्या गृहिणी काय म्हणत असतील याची कल्पना मला करता येते.

शरदात रानात आणखी एक पाहुणा येतो: डुक्कर. ओकची हिरवी फळे तट्टांना आणि गायींना विषारी. डुकरांना मात्र पक्वान्न. म्हणून दर शरदात निदान साठ दिवस हक्कदारांची डुकरे रानात सोडतात. त्यांनी जमीन उकरू नये म्हणून नाकात कडी. ती रस्त्याकडेने फळे फोडीत चाललेली असतात. तो कडकड आवाज दुरून ऐकू येतो. एकाचे विष ते दुसऱ्याचे जेवण, आणि तिघांचेही चालते. कोणा तज्ज्ञाने आखलेली ही योजना नव्हे. सोयीसोयीने पडलेली वहिवाट. झाडीत लख्ख मोकळी हिरवळ दिसते तीही तट्टांनीच राखलेली. तट्टांनी खाल्ले नाही तर पाचदहा वर्षांत तिथे काटेरी झुडपे माजतील.

परतीच्या आठवड्यात आजीबाईंनी आम्हाला ‘ड्रिफ्ट’ पाहायला बोलावले. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत रानाच्या एकेका भागातली तट्टे हाकून लाकडी कोंडवाड्यात आणतात. त्याला हे नाव. एरवी प्रेक्षकांनी येऊ नये अशी विनंती असते. आम्हाला कुंपणाबाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला उभे केले आणि हलू नका म्हणून बजावले. तांबूस झालेल्या नेच्यांचा माळ, त्यावर धुके. बराच वेळ काही नाही. मग जमीन कुठेतरी आत वाजू लागली. टेकाडावरून तीस-चाळीस तट्टे एकदम उतरली, मागे आणि बाजूंना घोडेस्वार, शिट्ट्या, हाका. त्यांतली एक स्वार आजीबाईंची नात. वय एकोणीस, एरवी एका दवाखान्यात नोंदी ठेवण्याचे काम. दलदलीच्या काठाने ती अशी दौडत होती की मी डोळे मिटून घेतले. आजीबाईंनी मिटले नाहीत. त्या तट्टे मोजत होत्या.

कोंडवाड्यात गलका, चिखल, वाफा. एकेक घोडी अरुंद वाटेत घ्यायची, शेपटी कापायची, जंताचे औषध पाजायचे, पट्टा बदलायचा, सोडायची. शिंगरांचे मात्र दोन मार्ग होते. विकायचे असेल तर गाडीत. ठेवायचे असेल तर डाग देऊन आईबरोबर रानात. आजीबाईंच्या घोड्यांबरोबर पाच शिंगरे आली. चार नर होती, त्यांचे आधीच ठरलेले. पाचवे मादी, काळसर कुमेत, कपाळावर चांदणी. तिची आई ही आजीबाईंची सर्वांत जुनी घोडी. त्यांच्या सासूच्या घोडीपासून आलेली ती ओळ. अ‍ॅजिस्टरने विचारले, “हिचे काय?”

“विकायची,” आजीबाई म्हणाल्या.

मला बहिणीकडून थोडे ठाऊक होते. आजीबाईंना तीन मुले. त्यांच्या माघारी घर विकून तीन वाटे होणार. दोन एकर आणि जुनी वीटबंदी चार खोल्या. पण त्या भागात लंडनचे लोक सुटीची घरे घेतात, त्यामुळे किंमत अशी की नातीने दवाखान्यात तीस वर्षे नोंदी ठेवल्या तरी ती पुरी व्हायची नाही. घर घेईल तो चराईचा हक्कही घेईल. कागदावर घेईल. त्याच्या मोटारीला आवारात जागा लागेल, घोडीला नाही. रानाबाहेर खोली घेऊन राहणाऱ्या पोरीला घोडी सोडायचा हक्क कुठला? अशी घरे त्या पट्ट्यात किती झाली असतील हे आजीबाईंना बोटांवर मोजता येई, आणि त्यांनी एकदा मोजून दाखवलेही होते. शिंगरू ठेवणे म्हणजे पुढली वीस वर्षे ठेवणे. ऐंशीपलीकडच्या बाईने वीस वर्षांचा शब्द कोणाच्या भरवशावर द्यायचा?

नात घोडीवरून उतरली. दोघींचे काही बोलणे झाले. वाऱ्यामुळे सगळे ऐकू आले नाही. एवढे कळले की नातीने एका जुन्या हक्कदाराशी बोलणे लावले होते. त्याच्या एक एकर तुकड्याला हक्क होता, तो तुकडा तिला भाड्याने द्यायला तो तयार होता. पाच वर्षांसाठी. “आणि पाच वर्षांनंतर?” आजीबाईंनी विचारले. नातीने खांदे उडवले. मागे दुसरे लोक थांबले होते. कोणाचे तरी तट्टू फळ्यांवर लाथा मारीत होते. अ‍ॅजिस्टर वर पाहत गप्प उभा होता. असे प्रसंग त्याने फार पाहिले असावेत.

आजीबाईंनी कोटाच्या खिशातून पट्टीचे पैसे काढले, तेव्हा नात म्हणाली, “नाही, ते मी देते.” तिने दिले. मग लोखंड आले. केस जळल्याचा वास आला, शिंगरू एकदा किंचाळले, भाच्याने माझा हात घट्ट धरला. डाग आजीबाईंच्या सासऱ्यांच्या नावाचा होता, तोच नातीच्या नावाची नोंद होईपर्यंत चालणार होता.

दुपारी तीनला कोंडवाड्याचे दार उघडले. जुनी घोडी बाहेर पडली, थोडी धावली, मग चालू लागली. मागून चांदणीवाले शिंगरू. त्यांना कोणी वाट दाखवली नाही. ओढ्याच्या कडेने, दलदलीला वळसा घालून, होलीच्या झाडांकडे त्या सरळ एका ओळीत गेल्या. आजीबाई कुंपणाला टेकून त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत होत्या. नंतर त्यांनी बहिणीला विचारले, या आठवड्यात अंडी किती हवीत.